उपेक्षा आणि पाठमोरेपणा

मागल्या वर्षावासात कळंबकडच्या एका विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. मी त्या दिवशी पाहुणा म्हणून बसलो होतो. पारमितांचा भाग आला. वाचणारा तरुण 'उपेक्षा' या शब्दापाशी थांबला आणि त्याने सरळ विचारले, "सरकार आपली उपेक्षा करते म्हणून आपण मोर्चे काढतो. मग तीच उपेक्षा आपल्या धम्मात पारमिता कशी?" सगळे हसले. एका वडीलधाऱ्या उपासकाने उत्तर दिले, "उपेक्षा म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात. आपण बरे की आपले काम बरे." पुष्कळांनी माना डोलावल्या.

मागे भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी उपासिका तेव्हा बोलली. "मग त्या रातीला तुम्ही कट्ट्यावर बसून पारमिताच पाळीत होता म्हणायचं."

कोणी हसले नाही. ती कोणत्या रात्रीविषयी बोलत होती हे सर्वांना ठाऊक होते. गावाबाहेरच्या गायरानावर पारध्यांची चार पालं आहेत. तीन वर्षांपूर्वी एका रात्री त्या पालांतली एक बाई विहारापर्यंत धावत आली होती. तिच्यावर अत्याचार झाला होता, आणि करणारे गावातलेच होते. विहाराच्या कट्ट्यावर आपली पाच-सहा माणसे बसली होती. ती म्हणाली, कुणीतरी ठाण्यापर्यंत चला, एकटीला ते उभं करत नाहीत. एकाने सांगितले, सकाळी बघू. दुसरा म्हणाला, तुमच्या माणसांना बोलाव. तिसरा काहीच बोलला नाही. शेवटी ही म्हातारी घरातून उठून आली, डोक्यावर पदर घेतला आणि तिच्याबरोबर अंधारात चालू लागली. "माय, तू कशाला?" असे ती पारधीण वाटेत तिला म्हणाली म्हणे. म्हातारीजवळ याचे उत्तर नव्हते. ती फक्त चालत राहिली.

वाचकहो, या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला. तो तरुण आणि तो वडीलधारा उपासक, दोघेही मराठीच बोलत होते. आपल्या भाषेत उपेक्षा म्हणजे हेळसांड, दुर्लक्ष, वाऱ्यावर सोडणे. पालीतील 'उपेक्खा' ही निराळी गोष्ट आहे. ज्या शब्दाने आपल्या आईबापांचे हाल सांगितले जातात, त्याच शब्दाने तथागतांची एक थोर शिकवण सांगण्याचा हा प्रसंग आपल्यावर आला आहे. त्यामुळे अर्थाची गफलत होते, आणि ती आपल्या सोयीची असल्यामुळे दुरुस्तही होत नाही.

बोधिसत्त्व बाबासाहेबांनी हा धोका ओळखला होता. पारमितांचा अर्थ सांगताना त्यांनी उपेक्षेला बेपर्वाईपासून मुद्दाम वेगळे काढले. आवड-नावड बाजूला ठेवावी, फळ काय मिळेल याने मन ढळू देऊ नये, पण प्रयत्न सोडू नये, असा त्यांचा आशय आहे. 'प्रयत्न सोडू नये' हे शब्द कट्ट्यावरच्या पुरुषांनी गाळले होते. बाबासाहेबांच्या शेकडो वर्षे आधी आचार्य बुद्धघोषांनीही 'विसुद्धिमग्गा'त प्रत्येक ब्रह्मविहाराला एक दूरचा आणि एक जवळचा शत्रू सांगितला आहे. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष. तो ओळखू येतो. उपेक्षेचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी. ती उपेक्षेसारखीच दिसते. तिच्या अंगावरही पांढरे कपडे असतात!

आता मी आपल्याला आपल्याच महाराष्ट्रातील एका खटल्याकडे नेतो. हा खटला सर्वांना मुलीच्या नावाने ठाऊक आहे. मी तिचे नाव लिहिणार नाही. अत्याचारग्रस्त स्त्रीचे नाव छापणे हा १९८३ पासून गुन्हा आहे, आणि तो कायदा बदलण्यात तिच्याच खटल्याचा हात आहे. कायद्याच्या पुस्तकात तो खटला आरोपी हवालदाराच्या नावाने छापला आहे. पण लोकांच्या तोंडी मुलीचे नाव राहिले आणि हवालदाराचे नाव कोणाला आठवत नाही. आपल्या समाजात लाज कोणाच्या दाराशी नेऊन ठेवतात, ते यावरून कळते.

२६ मार्च १९७२ ची ही घटना. ठिकाण देसाईगंज, त्या वेळचा चंद्रपूर जिल्हा, आताचा गडचिरोली. मुलगी आदिवासी, आईबाप नसलेली, मोलमजुरी करणारी. डॉक्टरांनी तिचे वय चौदा ते सोळा ठरविले. घरगुती कारणावरून तिच्या भावाने तक्रार दिली होती, म्हणून सर्वांना जबाबासाठी रात्री पोलीस ठाण्यात बोलाविले होते. जबाब झाले, बाकीच्यांना जायला सांगितले, मुलीला मागे ठेवले. ठाण्यातच तिच्यावर बलात्कार झाल्याचा आरोप दोघा पोलिसांवर आला. १ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयाने दोघांना सोडले आणि मुलीलाच खोटारडी ठरविले. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघांना शिक्षा दिली. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे त्या न्यायालयाने म्हटले. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. कारण काय? तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, झटापटीच्या खुणा नव्हत्या.

पोलीस ठाण्यात, रात्रीच्या वेळी, खाकी वर्दीपुढे एका अनाथ मजूर मुलीने किती झटापट करावी अशी अपेक्षा होती?

याच खटल्यातील एक बारीक गोष्ट मला मोठी वाटते. ती फिर्याद लिहिली गेली कशी? बाहेर थांबलेल्या माणसांना संशय आला. त्यांनी हाका मारल्या. आजूबाजूचे लोक जमले. गर्दी वाढली, माणसे ठाण्याला आग लावण्याची भाषा करू लागली, तेव्हा दुसऱ्या हवालदाराला घरून बोलावून आणले गेले आणि फिर्याद नोंदली गेली. आग लावण्याच्या भाषेचे समर्थन धम्म करणार नाही, मीही करीत नाही. परंतु ती माणसे "सकाळी बघू" म्हणून घरी गेली असती, तर देशाच्या कायद्यात नंतर जो बदल झाला त्याचा पहिला कागदच तयार झाला नसता.

निकालानंतर वर्षभर सर्वत्र शांतता होती. मग सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८० मध्ये ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीत किंवा अधिकाऱ्याच्या ताब्यात असलेल्या स्त्रीशी संबंध सिद्ध झाला आणि तिने कोर्टात सांगितले की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच धरून चालावे. ज्या मुलीमुळे हे घडले तिला मात्र यातून काही मिळाले नाही. तिच्या खटल्याचा निकाल फिरला नाही.

आणि १९७८ साली आपण कोठे होतो? त्या वर्षी २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर आपल्या वस्त्या जळत होत्या. आपल्याच चुली विझल्या होत्या. देसाईगंजच्या मुलीची बातमी त्या धुरात आपल्याला दिसली नाही याबद्दल मी कोणाला बोल लावीत नाही. आज मात्र तो धूर नाही. विद्यापीठाचे नाव १४ जानेवारी १९९४ ला बदलले. आपल्या घरात शिक्षक आहेत, ग्रामसेवक आहेत, नर्स आहेत, कोठे कोठे सरपंचही आहेत. आता "आम्हाला दिसले नाही" हे म्हणता येणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जो प्रश्न १९७८ मध्ये चुकीच्या रीतीने विचारला, तो विनयपिटकात फार पूर्वी येऊन गेलेला आहे. भिक्खुणी उप्पलवण्णा ही भगवंतांच्या दोन अग्रश्राविकांपैकी एक. ती भिक्षेला गेली असता एक माणूस तिच्या कुटीत लपून बसला आणि परत आल्यावर त्याने तिच्यावर बलात्कार केला. तिने ही गोष्ट भिक्खुणींना सांगितली, भिक्खुणींनी भिक्खूंना, भिक्खूंनी भगवंतांना. प्रश्न असा होता की तिचे ब्रह्मचर्य भंगले काय? भगवंतांचा निर्णय एका ओळीचा आहे: जिची संमती नाही, तिला दोष नाही. कोणी तिच्या अंगावरच्या खुणा मोजल्या नाहीत. तू तेथे एकटी का राहत होतीस, असे तिला कोणी विचारल्याचे विनयात नाही. तिच्या शब्दावर संघाने विश्वास ठेवला.

धम्मपदाच्या अट्ठकथेत पुढे असे सांगितले आहे की त्या नराधमाला धरणीने गिळले. नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांनी ही कथा मुलांना जरूर सांगावी, पण तिच्यावर विसंबू नये. धरणी कोणाला गिळीत नाही. धरणी गिळत असती तर खैरलांजीत एकाच संध्याकाळी अर्धे गाव तिच्या पोटात गेले असते. तिला "तुझे पूर्वजन्मीचे भोग" असे सांगणे तर सरळ धम्मद्रोह आहे. दुःखाचे खापर मागल्या जन्मावर फोडले की समाज आणि राज्य दोघेही जबाबदारीतून सुटतात, म्हणूनच बाबासाहेबांनी ती कल्पना नाकारली. देवळात ऐकलेली ही वाक्ये आपल्या घरात अजून आहेत. देव्हारा काढला, वाक्ये राहिली.

त्या कथेतील एक भाग मात्र मला आजही जिवंत वाटतो. रानात राहणाऱ्या भिक्खुणींना धोका आहे हे दिसल्यावर त्यांनी रानात राहू नये असा नियम झाला. हे वाचून एखादी भगिनी रागावेल, आणि तिचे चुकणार नाही: गुन्हा पुरुषाचा आणि बंधन स्त्रीवर? पण अट्ठकथा इतक्यावर थांबत नाही. भगवंतांनी राजा पसेनदीला सांगून भिक्खुणींसाठी नगरात निवास बांधविला. रान सोडा म्हणताना राहायला जागा दिली. आता पारधी बाईकडे पाहा. ती हौसेने रानात राहत नाही. गावठाणात तिला जागा नाही, गायरानावर तिचे पाल 'अतिक्रमण' ठरते. १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करावीत असा शासनाचा निर्णय १९९१ मध्ये झाला. पण त्यासाठी पुरावे लागतात, आणि ज्याला दर सहा महिन्यांनी हाकलले त्याच्याजवळ कोणता कागद असणार? दार नसलेल्या पालात झोपणाऱ्या स्त्रीची सुरक्षितता हा आधी जागेचा प्रश्न आहे. ग्रामसभेत तो कोण मांडतो?

"पण ते चोऱ्या करतात." हे वाक्य आपल्याही घरांत ऐकू येते, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मानेच माणूस गुन्हेगार ठरविण्याची रीत पाडली. शेजारच्या सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणात कोंडून ठेवले होते. तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला. मनातला झाला नाही. जन्मावरून माणूस नीच ठरविणे यालाच जातिव्यवस्था म्हणतात. सर्व माणसे समान आहेत असे आपण बावीस प्रतिज्ञांत म्हणतो. कोणती माणसे, असा अपवाद तेथे लिहिलेला नाही. आणि समजा एखाद्या पारध्याने चोरी केली असेल; त्याच्या बायकोवर अत्याचार करण्याचा परवाना त्यातून कोणाला मिळतो? चोरीसाठी कायदा आहे. तो तिच्या शरीरावर चालवायचा नसतो.

याच जिल्ह्यात कसबे तडवळे येथे २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. तिच्या नावातच दोन जाती शेजारी बसविल्या होत्या. ज्यांना गावगाड्याने एकमेकांशी झुंजत ठेवले त्यांनी एका मांडवात यावे, हा तिचा अर्थ. आज त्या मांडवात पारध्याला जागा आहे काय? २००७ मध्ये मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर भटक्या-विमुक्तांतील अनेकांनी धम्मदीक्षा घेतली. बीडकडे एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानाने गायरानाचा आणि पारध्यांचा प्रश्न हाती घेतला होता. आवाड स्वतः मातंग समाजात जन्मलेले आणि पुढे बौद्ध झालेले. म्हणजे वाट कोणी पाडलीच नाही असे नाही.

भीतीचे मी हलके लेखीत नाही. ज्यांच्या शेतात आपण मजुरीला जातो त्यांच्याच मुलांविरुद्ध साक्ष द्यायची, म्हणजे उद्याची मजुरी बंद. कट्ट्यावरचे पुरुष दुष्ट नव्हते. ते घाबरलेले होते. पण भीतीला भीतीच म्हणावे. तिला पारमिता म्हटले की ती बरी होत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत आपल्या एका बौद्ध कुटुंबातील चौघांना मारले तेव्हाही गावात घाबरलेली माणसे होतीच. आपण तेव्हा देशभर विचारले, गाव गप्प का बसले? खटला चालला, २००८ मध्ये शिक्षा झाल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा न्यायालयाने मान्य केला नाही. साक्षी-पुरावा कसा उभा राहतो आणि कसा उभा राहत नाही, ते आपण तेथे पाहिले. तोच प्रश्न पालातली बाई आपल्याला विचारते, तेव्हा आपण कोणत्या तोंडाने घाबरलो म्हणावयाचे?

आणखी एक. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्या कट्ट्यावर येऊन विचारले होते, रात्री बाई इकडे आली होती काय? कसल्या अवस्थेत होती? एकजण म्हणाला, आम्ही लवकर झोपलो. हा उपासक दर पौर्णिमेला 'मुसावादा वेरमणी' म्हणतो. अध्यात ना मध्यात राहण्याचा निश्चय रात्री केला आणि सकाळी त्यापायी शील मोडले. तटस्थतेचा हाच मोठा दोष आहे. ती फार वेळ तटस्थ राहत नाही. लवकरच तिला खोटे बोलावे लागते.

म्हातारीने त्या रात्री काय केले ते मी विचारून घेतले, कारण त्यात शिकण्यासारखे आहे. तिला कायदा ठाऊक नव्हता. ती बाईला एकटे सोडत नव्हती, एवढेच. तिला अंघोळ करू दिली नाही, अंगावरचे लुगडे बदलू दिले नाही. हे तिला एका नर्सने पूर्वी कधी सांगितले होते. ठाण्यात दोघींना पहाटेपर्यंत बसविले. सकाळी म्हातारीचा भाचा, जो वकिलाकडे कारकून आहे, तो आला आणि मग कागद हलला. खरे तर ती फिर्याद लिहून घेण्यास नकार देणे हाच गुन्हा आहे. कोणत्याही ठाण्यात ती देता येते, हद्द विचारायची नसते, आणि तिची प्रत फुकट मिळते. तिचा जबाब स्त्री अधिकाऱ्याने घ्यावयाचा असतो. दवाखान्याने उपचार मोफत करावयाचे असतात. तिच्या पूर्वायुष्याविषयी निष्कर्ष काढणारी ती किळसवाणी 'दोन बोटांची' तपासणी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावून निषिद्ध केली आहे. देसाईगंजच्या मुलीला असल्याच वैद्यकीय शेऱ्याने खोटारडी केले होते. अनुसूचित जमातीच्या स्त्रीवर परजातीच्या माणसाने अत्याचार केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला फुकट वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो.

अडते ते जातीच्या दाखल्यावर. पारध्यांपैकी पुष्कळांजवळ तो नसतो. पुढची मदत तेथे खोळंबते. आपल्यातील जो ग्रामसेवक आहे, जो तहसिलीत कारकून आहे, त्याने मोर्चात यावे अशी कोणाची मागणी नाही. त्याने चार पालांतील माणसांचे दाखल्याचे अर्ज नीट भरून दिले तरी पुष्कळ झाले. धम्मदीक्षा घेतली तर सवलती जातील काय, असे काही पारधी बांधव विचारतात. त्यांना सांगावे की अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. आणि बौद्धांनाही १९९० पासून केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात स्थान आहे.

पारध्यांच्या जातपंचायतीविषयी कोणी म्हणेल, तीच त्यांच्या बायांना छळते. खरे आहे, चारित्र्याची परीक्षा म्हणून स्त्रीला दिव्य करायला लावण्याचे प्रकार तेथे घडले आहेत. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला तो अशाच पंचायतींसाठी. पण हे बोलताना आपण आपल्या घराकडेही बघावे. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि तिच्याखाली बायकोवर हात उगारलेला. त्या विहारातील वंदनेला जमणाऱ्या किती स्त्रियांना हे सांगता येईल, त्यांनाच ठाऊक.

उपेक्षेचा खरा उपयोग ठाण्याच्या पायरीनंतर सुरू होतो. तारखेवर तारीख पडते. वकील बदलतो. साक्षीदार फिरतो. गावातून निरोप येतो, पैसे घ्या आणि मिटवा. कधी पैसे घ्यावे असे तिलाच वाटते, कारण घरात दाणा नसतो. तेव्हा तिच्यावर रागावू नये. निकाल विरुद्ध गेला तर तिला खोटी ठरवू नये. गेला नाही तर स्वतःची पाठ थोपटू नये. आनंदाने नाचावे असे त्यात काही नाही, निराशेने घरी बसावे असेही नाही. बाबासाहेबांनी सांगितलेली उपेक्षा मला येथे दिसते. त्या म्हातारीला हा शब्द ठाऊक नाही. गेल्या तीन वर्षांत ती दर तारखेला एस. टी.ने धाराशिवला गेली आहे. "निकाल काय लागंल ते मला काय ठावं," ती म्हणाली, "पर ती बाई कोर्टात एकटी बसली की तिचे पाय लटपटतात."

पुढची तारीख आषाढी पौर्णिमेच्या नंतरच्या आठवड्यात आहे. त्या वाचनाच्या दिवशी कट्ट्यावरच्यांपैकी दोघांनी म्हातारीबरोबर जायचे कबूल केले. 'आम्ही लवकर झोपलो' म्हणणाऱ्याने सरकारी वकिलांना भेटण्याची तयारी दाखविली आहे, पण त्याच्या बायकोचा विरोध आहे. ती पाटलाच्या मळ्यात खुरपायला जाते. तिसरा म्हणतो, मोटारसायकल देतो, तेल भरून देतो, मी मात्र येत नाही.